दोन बटणं, एक दिवा

बाईंनी खालचं बटण दाबलं, जिन्यातला दिवा लागला, आणि खांद्यावरची पर्स आणि हातातली पिशवी सावरत त्या निम्मा जिना चढतात न चढतात तोच दिवा विझला. खिडकी नसलेला तो जिना, दिवसाउजेडीसुद्धा विहिरीसारखा काळा. बाई जागच्या जागी थबकल्या. एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या. "कोण आहे?" वरून शेजारच्या काकूंचा आवाज आला. "मीच." "अगं बाई, तुम्ही होय! दिवा उगाच जळतोय वाटलं, म्हणून घालवला," असं म्हणत काकूंनी पुन्हा बटण दाबलं, दिवा लागला, काकू दार लावून आत गेल्या. यात काहीच नवीन नव्हतं. या जिन्यात दिवसातून चारदा असं व्हायचं, आणि बाई चारदा मनातल्या मनात चरफडून पुढे चढायच्या. पण आज त्या चढल्या नाहीत. आज दुपारीच आठवीच्या वर्गाकडून त्यांनी लिहून घेतलं होतं, त्यांच्या त्या प्रसिद्ध ठाशीव आवाजात, स्वल्पविरामासकट: बटण बंद केले की परिपथ खंडित होतो, आणि खंडित परिपथातून प्रवाह वाहत नाही. मग काकूंनी वर परिपथ तोडला असेल, तर खालच्या बटणाने तो जोडला कसा जातो? तोडलेला दोर भलतीकडे गाठ मारून सांधत नाहीत. बाई तशाच मागे वळल्या, खाली उतरल्या आणि खालचं बटण दाबलं. दिवा विझला. पुन्हा दाबलं. लागला. मग पिशवी तिथेच पायरीवर ठेवून त्या भराभर वर गेल्या आणि वरचं दाबलं. विझला. अंधारात भिंतीला धरून पुन्हा खाली. दाबलं. लागला! इतकी वर्षं वीज शिकवत होत्या त्या, आणि रोज ज्या जिन्यावरून जायचं त्या जिन्यातला दिवा कसा लागतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. याची लाज वाटायला हवी होती. तशी ती वाटलीही, कानाच्या पाळ्या गरम झाल्या. पण त्या गरमीच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं, पोटातून, गुदगुल्यांसारखं, आणि बाईंना एकदम हसू फुटलं.

"अगं, काय चाललंय?" नवरा दारात येऊन उभा राहिला. निवृत्त झाल्यापासून घरातल्या आणि घराबाहेरच्या प्रत्येक आवाजाची चौकशी करणं हे त्याने आपलं खातं करून टाकलं होतं. "दिवा बिघडलाय का?"

"बिघडलेला नाही, तेच तर! अहो, तुम्ही तिथेच थांबा. मी सांगेन तेव्हा वरचं बटण दाबा."

"आणि लोक काय म्हणतील?"

"लोकांना खालून वर जायचं असतं, ते जातील. दाबा."

त्याने दाबलं, बाईंनी दाबलं, त्याने दाबलं. चढणारा एक गृहस्थ मध्येच अंधारात सापडला आणि खोकत खोकत निघून गेला. दोन्ही बटणांवर 'चालू' आणि 'बंद' अशी जागाच ठरलेली नाही, हे बाईंच्या आत्ता लक्षात आलं. खालचं बटण वर असतानाही दिवा लागलेला असायचा आणि खाली असतानाही. म्हणजे बटण 'बंद' होतच नव्हतं कधी. मग ते करत काय होतं? नवरा वरून म्हणाला, "दूध उतू जाईल हं," आणि आत गेला. बाई खालच्या पायरीवर पिशवीशेजारी बसून राहिल्या, डोळ्यांसमोर भिंतीच्या आतल्या न दिसणाऱ्या तारा, आणि मनात शुक्रवार.

शुक्रवारी त्यांचा तास चित्रित होणार होता. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, स्वतः स्टाफरूममध्ये येऊन हे जाहीर केलं होतं. संस्थेच्या बाकीच्या शाखांमध्येही मुलांना विजेचा धडा पडद्यावर दाखवायचा, आणि तो आपल्या बाईंचा. विजेच्या धड्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतंच. त्यांनी लिहून दिलेल्या टिपणांच्या झेरॉक्स दुसऱ्या शाळांच्या मुलांपर्यंत पोचत. वर्ग चिडीचूप, फळ्यावर पट्टीने आखल्यासारखी आकृती, आणि एकही मूल नापास नाही. इतरांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा बाईंना खूप बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोला. त्या दिवशी त्यांनी शुक्रवारसाठी साडीही काढून ठेवली होती. पण आता पायरीवर बसल्या बसल्या त्यांना आपला तो तास बाहेरून दिसायला लागला, काचेपलीकडून दिसावा तसा: आपण बोलतो आहोत, मुलं लिहिताहेत, पेनांची खरखर, पानं उलटल्याचा एकत्र आवाज. छान शांत. आणि त्या शांततेत कुणालाही, अगदी आपल्यालाही, जिन्यातला दिवा आठवलेला नाही.

का आठवला नाही, हे शोधायला त्यांना फार लांब जावं लागलं नाही. त्यांचे वडील सुट्टीच्या दिवशी रेडिओ उघडून बसत. फरशीवर वर्तमानपत्र, त्यावर स्क्रू ओळीने मांडलेले, आणि रेडिओच्या पोटातून बाहेर आलेली ती लाल-पिवळी आतडी. धाकटा भाऊ शेजारी मांडी घालून बसायचा, त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर असायचा. "तू नको हात लावू गं, शॉक बसेल," वडील तिला म्हणत, रागावून नाही, मायेनेच; "तुझं अक्षर चांगलं आहे, तू आपली कुठली तार कुठे होती ते लिहून ठेव." ती लिहून ठेवायची. कॉलेजात प्रयोगशाळेतही तेच झालं. जोडीदार तारा जोडायचा, ही आकडे लिहायची, आणि वही अशी देखणी की सर ती सगळ्यांना दाखवत. भौतिकशास्त्रात पहिला वर्ग मिळाला. हाताला तारेची चव न लागताच मिळाला. आणि मग त्यांनी काय केलं, तर वर्षामागून वर्ष, वर्गामागून वर्ग, मुलांना लिहायला बसवलं. भावाने पुढे स्क्रूड्रायव्हर टाकून दिला आणि कपड्यांचं दुकान काढलं, ही गोष्ट आठवून बाईंना पुन्हा हसू आलं. हसता हसता त्या उठल्या, पिशवी उचलली, आणि वर न जाता तशाच रस्त्यावर गेल्या. कोपऱ्यावरच्या विजेच्या सामानाच्या दुकानात त्यांनी टॉर्चचे सेल, छोटे बल्ब आणि तारेचं भेंडोळं मागितलं. दुकानदार म्हणाला, "नातवासाठी का?" बाई म्हणाल्या, "नाही, माझ्यासाठी," आणि हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी तार आणखी थोडी जास्त घेतली.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुठ्ठा आला, त्यावर ड्रॉइंग पिना, पिनांना अडकवलेल्या कागदाच्या क्लिपा. क्लिप पिनेला टेकली की जोडलं, सरकवली की तुटलं. बटणाचं काम झालं. दोन बटणं एकापुढे एक जोडली तर दोन्ही टेकलेली असतानाच दिवा लागे. वरच्याने घालवला की खालच्याच्या हातात काही उरत नसे. शेजारी शेजारी जोडली तर उलटं, कुणीही लावावा, पण घालवायला दोघांनी एकमत करायचं. नवरा-बायकोसारखं, असं बाईंच्या मनात आलं. बोटांची टोकं तारेने ओरखडली होती, सोललेल्या तारेचा एक बारीक धागा अंगठ्यात रुतला होता, आणि तो काढताना दुखलं त्याचाही त्यांना आनंद झाला. त्यांनी फोन उचलला नाही, पुस्तक उघडलं नाही. उत्तर तिथे होतंच, कुठे पळून जाणार होतं! पण ते वाचलं की हे संपलं, हे पोटातलं फडफडणं, आणि ते त्यांना इतक्यात संपवायचं नव्हतं. क्लिप एका पिनेवरून सरकवून त्या शून्यात नेत होत्या, परत आणत होत्या. शून्यात, परत. शून्यात का? एकदम त्यांचा हात थांबला. शून्यात नेलीच पाहिजे असं कुणी सांगितलं? त्या जागी दुसरी पिन टोचली तर? मग क्लिप तोडत नाही, ती वळवते. या वाटेवरून त्या वाटेवर. खालून वर दोन तारा जाऊ देत. दोन्ही क्लिपा एकाच तारेवर असल्या की उजेड, वेगवेगळ्या तारांवर असल्या की अंधार. बाईंनी जोडलं. एकीकडची क्लिप हलवली, दिवा लागला. दुसरीकडची हलवली, विझला. पहिली हलवली. टेबलावरच्या त्या चिमुकल्या पिवळ्या उजेडात त्यांना रडू यावं की ओरडावं कळेना, म्हणून त्या टेबलाभोवती एक गिरकी घेऊन आल्या.

"अहो! इकडे या. मी तुम्हाला एक कोडं घालणार आहे."

नवरा आला, बसला, आणि खरोखर बराच वेळ लागला त्याला. चष्मा कपाळावर चढवून तो तारा उलटसुलट करत होता, ओठ चावत होता. चावताना तो शाळकरी पोरासारखा दिसत होता आणि बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. हा चेहरा त्यांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. मग तो वैतागला. "सांगून टाक ना एकदाचं!" बाईंना राहवलं नाही, त्यांनी सांगितलं. पिन, वळवायचं, दोन वाटा, सगळं नीट, क्रमाने, त्यांच्या त्या ठाशीव आवाजात. नवऱ्याने ऐकून घेतलं. "हां," तो म्हणाला. "बरं." चष्मा खाली घेतला आणि उठून वर्तमानपत्राकडे गेला.

ते 'हां, बरं' बाईंच्या छातीत जाऊन बसलं. हा शब्द त्यांच्या ओळखीचा होता. हा त्यांना रोज मिळत होता, अख्ख्या वर्गाकडून, तोंडाने नव्हे तर मान खाली घालून, आणि इतकी वर्षं त्याला त्या शिस्त समजत होत्या. आत्ता, आपल्याच हाताने, आपण त्या माणसाच्या चेहऱ्यावरचं ते पोर घालवून टाकलं. बटण दाबून घालवावं तसं.

मग मात्र त्यांना चैनच पडेना. शुक्रवार उजाडेपर्यंत डोक्यात दुसरं काही नव्हतं. पोळ्या लाटताना, शाळेच्या रस्त्यावर, पर्यवेक्षणाच्या तासाला, सतत एकच: त्यांच्या हातात काय द्यायचं आणि काय राखून ठेवायचं. तयार बटणं द्यायची नाहीत, त्यातच उत्तर आहे. पिना मात्र मुबलक द्यायच्या, जास्तीची पिन दिसली पाहिजे पण दाखवायची नाही. आधी साधा दिवा, एक बटण, ते सगळ्यांना जमेल, हात सरावतील, मग जिना. जिन्याचं वाक्य एकच असावं. त्यांनी ते किती वेळा बदललं! 'अशी जोडणी तयार करा की' ने सुरू होणारं वाक्य त्यांना परीक्षेच्या पेपरासारखं वाटलं. शेवटी राहिलं ते असं: तुम्ही खाली आहात, आजी वर आहे, आणि दोघांनाही एकमेकांना हाक न मारता दिवा लावता-घालवता आला पाहिजे. तिघातिघांचे गट. कुणाला कुणाशी बसवायचं? वर्गात एक मुलगी होती, सदा पहिली, तिला कुठलीही व्याख्या झोपेतून उठवून विचारा. पोरं तिला 'व्याख्याताई' म्हणत. ती गटात असली की बाकीचे हात बांधून बसणार. दुसरी एक, वर्षभरात जिचा आवाज बाईंनी हजेरीपुरताच ऐकला होता, तिचं नाव पडलं होतं 'मुनी'. या दोघींना एकत्र बसवावं की नाही यावर बाई अख्खी दुपार घुटमळल्या; शेवटी एकत्रच बसवायचं ठरलं. आणि मग एकदम सुचलं, सुचलं म्हणजे कुठून तरी फार आतून वर आलं: पेनं नकोत. टेबलावर कुणाकडेच पेन नको. चांगल्या अक्षराच्या मुलीला लिहायला बसवण्याची सोयच ठेवायची नाही.

शुक्रवारी वर्गाच्या मागच्या बाजूला तिकाटण्यावर कॅमेरा उभा होता. कॅमेरावाल्या गृहस्थांनी बाईंच्या पदराला माइक लावला. मोठ्या बाई शेवटच्या बाकावर ताठ बसल्या होत्या. मुलं तेल लावलेल्या केसांनी, नव्या कपड्यांसारखी गप्प. "पेनं दप्तरात," बाई म्हणाल्या. वर्गात कुजबुज झाली. व्याख्याताईचा हात वर गेला. "बाई, मग लिहून घ्यायचं कशानं?" "आज लिहून घ्यायचं नाही." "पण बाई, हे परीक्षेत येणारे का?" बाईंच्या तोंडावर रोजचं उत्तर आलं होतं, त्याऐवजी त्या म्हणाल्या, "माहीत नाही गं," आणि पुठ्ठे वाटायला लागल्या. पहिला दिवा लागला तेव्हा टाचणी पडल्यासारखा बारीक 'आ' ऐकू आला. मग सगळीकडे दिवे लागले, आणि बाईंनी जिन्यातल्या आजीचं वाक्य सांगितलं. एवढंच बोलल्या त्या. त्यानंतर जो गलका सुरू झाला, तसा त्यांच्या वर्गात कधी झाला नव्हता. बाकं सरकली, पिना सांडल्या, "अरे हलवू नको," "तुझी आजी आंधळी आहे का, तिचं बटण कुठंय," "लागला लागला, हात्तिच्या, गेला!" गलका हा त्यांचा जुना शत्रू. सगळं अंग सवयीने डस्टर शोधत होतं. मागे मोठ्या बाईंनी एकदा घड्याळ पाहिलं, एकदा कॅमेरावाल्यांकडे पाहिलं, आणि शिपाई दारात काहीतरी सांगायला आला तेव्हा त्या ओठ घट्ट मिटून उठल्या आणि त्याच्याबरोबर गेल्या. गेल्या. बाईंना कळलं की त्या परत येणार नाहीत, आणि त्याच क्षणी हेही कळलं की आपण डस्टर शोधणं थांबवलं आहे.

व्याख्याताई रडकुंडीला आली होती. "बाई, येत नाहीये. सांगा ना." तिचा आवाज आणि नवऱ्याचा आवाज एकच होता. बाई तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि जवळजवळ वाकल्याच होत्या, इतक्यात मागच्या बाकावरच्या पोरांनी आरोळी ठोकली. त्यांना सापडलं होतं. दोन वाटा, जास्तीची पिन, अगदी बाईंच्या टेबलावरचंच. पोरं नाचत होती. बाईंनी सुटकेचा श्वास सोडला आणि वळून पाहतात तर मुनी भलतंच काहीतरी जोडत होती. मधल्या दोन तारा नाहीतच. दिव्याचं एक टोक एका क्लिपेला, दुसरं टोक दुसऱ्या क्लिपेला, आणि प्रत्येक क्लिपेच्या दोन्ही बाजूंच्या पिना थेट सेलच्या दोन्ही टोकांना. हे चूक आहे, बाईंच्या मनाने ताबडतोब सांगितलं, आकृतीत असं नसतं. शब्द जिभेच्या टोकावर आला. मुनीने क्लिप सरकवली. दिवा लागला. व्याख्याताईने, नाक पुसत, दुसरी सरकवली. विझला. पहिली. लागला! हे बाईंना ठाऊक नव्हतं. त्यांच्या टेबलावर, त्यांच्या डोक्यात, त्यांच्या सगळ्या आखीव टिपणांत हे नव्हतं, आणि तरी ते त्यांच्या डोळ्यांदेखत जळत होतं.

"चिटिंग आहे हे," मागची पोरं धावत आली. "वर खाली तारा कुठायत?"

मुनी बोलली. सगळा वर्ग गप्प झाला, कारण ती बोलत होती. "दिव्याची दोन टोकं आहेत ना. त्यांना आपापलं ठरवू द्यायचं, कुठं जायचं ते. दोघं एकाच बाजूला गेली तर काहीच होत नाही. वेगळी गेली तर लागतो."

"मग आमचं चूक?" "नाही. तुमचं पण लागतंय की." "मग घरात कुठलं असतं?" या प्रश्नावर सगळे बाईंकडे वळले, आणि नेमक्या त्याच वेळी व्याख्याताईने क्लिप अर्धवट सरकवली, दोन्ही पिनांना एकदमच लागेल अशी, आणि "आई गं!" म्हणून हात झटकला. "तापली! बाई, क्लिप तापली!" तिने बोट तोंडात घातलं, बाहेर काढलं, पुन्हा क्लिपेकडे पाहिलं, आणि तिचे डोळे मोठे मोठे होत गेले. "बाई... हे ते आहे. लघुपरिपथन! दिव्यातून न जाता सरळच गेलं ते! बाई, हे तेच आहे!" वर्षभर पाठ म्हणून दाखवलेला शब्द तिला आत्ता भेटला होता, चटका देऊन. "मुनी, तुझं घरात नाही चालायचं, आग लागेल. पण भारी आहे. थांब, मध्ये पिना लांब लावल्या तर?" आणि तिघंही पुन्हा पुठ्ठ्यावर वाकली. घंटा झाली. कुणी उठलं नाही. पुढच्या तासाचे सर दारात येऊन उभे राहिले, आत डोकावले, आणि थोड्या वेळाने तेही मागच्या पोरांच्या घोळक्यात वाकलेले दिसले.

शाळा सुटल्यावर मोठ्या बाईंनी बोलावलं. कार्यालयात टेबलावर कॅमेरावाल्यांचा लॅपटॉप उघडा होता. ते गृहस्थ अवघडून उभे होते. "बाई, माइक ठणठणीत होता हो," ते म्हणाले. "मी तीनदा तपासला. पण सुरुवातीची चार वाक्यं सोडली तर तुमचा आवाजच नाही कुठे."

"हे शाखांना दाखवता येणार नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं तुमच्याबद्दल. आता विज्ञानाच्या दुसऱ्या सरांना सांगते पुढच्या आठवड्यात. त्यांचा तास निदान ऐकू तरी येईल." बाईंना टोचलं. साडी आठवली, टाळ्या आठवल्या. पण ते टोचणं अंगठ्यातल्या तारेइतकंच होतं, आणि बोटं अजून फुरफुरत होती. "चालेल," त्या म्हणाल्या. "फक्त आठवीचे पुढचे तास मी असेच घेणार आहे. चुंबक, ध्वनी, सगळेच." मोठ्या बाई पडद्याकडे बघत होत्या. "हे काय?" त्यांनी बोट ठेवलं. "इथे तोंडावर हात का धरलाय तुम्ही? बरं वाटत नव्हतं का?"

बाई वाकल्या. पडद्याच्या कोपऱ्यात एक पिकल्या केसांची बाई टाचा उंचावून उभी होती, डोळे विस्फारलेले, आणि उजव्या हाताने तिने स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलं होतं. तास पुढे सरकवला तरी ती तशीच होती. या बाकाजवळ तशीच, त्या बाकाजवळ तशीच. आपण असं उभे होतो हे बाईंना मुळीच आठवत नव्हतं. त्यांना ती बाई फार आवडली.

"उत्तर येत होतं मला," त्या म्हणाल्या. "म्हणून."

मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे. पडद्यावर मुनी भलत्याच तारा भलतीकडे लावत होती, व्याख्याताई नाक पुसत होती, गलका नुसता कानठळ्या बसवत होता. कॅमेरावाले आवाज कमी करायला पुढे झाले तशी मोठ्या बाईंनी त्यांचा हात बाजूला केला. खुर्ची जरा ओढून घेतली. "या मुलीचं चुकतंय ना?" त्या म्हणाल्या. "मी तेव्हा फोन घ्यायला गेले होते. हिचा लागतो का दिवा?"

बाईंचा हात पुन्हा तोंडावर गेला.

"अहो बाई, सांगा ना! लागतो की नाही?"